पावतीवरचं नाव

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून केलेलं शब्दांकन.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी कधी भेटलो नाही. पण सकाळी बसस्टँडवर उतरल्यापासून आतापर्यंत चार जणांनी मला त्यांच्याबद्दल सांगितलं. रिक्षावाल्याने सांगितलं, मुलीच्या फीचे पैसे त्यांनी दिले आणि परत कधी विचारले नाहीत. वाचनालयातल्या गृहस्थांनी सांगितलं, हे कपाट त्यांचं. उतरलो त्या घरच्या आजी म्हणाल्या, लग्न कुणाचंही असो, पंगतीत वाढायला हे पुढे. आणि आयोजकांनी तर फोनवरच अट घातली होती, "विषय तुमच्या मनाचा घ्या, फक्त जरा घरगुती असू द्या. ते फार कुटुंबवत्सल होते हो."

दानशूर आणि कुटुंबवत्सल. मृत्युलेखात हे दोन शब्द हातात हात घालून येतात. आपल्याला कधी शंकाही येत नाही की या दोघांचं घरात पटत असेल का. कारण एक माणूस, एक पगार, एक खिसा. त्यातून बाहेर जास्त गेलं तर आत कमी उरणार, हे गणित सांगायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही. आज मी नेमकं एका गणिताच्या प्राध्यापकाबद्दलच बोलणार आहे.

पण त्याआधी दोन मिनिटं आमच्या घरात या.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक तार लटकलेली असे. खाली आकडा वळवलेली. वाण्याची बिलं, लाइटबिल आणि वर्गणीच्या पावत्या त्या तारेत टोचून ठेवायच्या. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची, शाळेच्या नव्या खोलीची, कुणाच्या ऑपरेशनची. मंडळी दारात आली की वडील खुर्चीतून म्हणत, "एकावन्न लिहा." मग आत बघून म्हणत, "अगं, एकावन्न रुपये दे गं." आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येई. पैसे बाहेर येत, पावती फाटे, त्यावर वडिलांचं नाव. वडील गेल्यावर आम्ही ती तार रिकामी करत होतो. आई शेजारी बसून एकेक पावती चष्मा वर करून वाचत होती. मध्येच एक पावती हातात धरून म्हणाली, "या महिन्यात आपण दूध निम्मं केलं होतं." आणि ती पावती तिने पुन्हा तारेत टोचली. आवाजात तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं. हिशोब सांगितला, एवढंच.

तेव्हापासून कुणी मोठ्या मनाचा माणूस म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, दूध कुणी निम्मं केलं?

मी निवडलेले गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, नगर आहे. त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. वयाची शंभरी गाठली त्याच वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळालं. १८५८ ते १९६२ असं १०४ वर्षांचं आयुष्य. संस्था तर तुम्ही बोटावर मोजाल. त्या संस्थांचा इतिहास सांगायला मी आलेलो नाही. महर्षी हा शब्दही आजच्यापुरता बाजूला ठेवू. घरात त्यांना अण्णा म्हणत. आपणही अण्णाच म्हणू आणि घरातल्याच दारातून आत जाऊ.

दापोलीजवळचं मुरूड. खाऊन-पिऊन बेताचं घर. गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा मिळते आहे अशी बातमी आली, तेव्हा मुलांना वाटलं आपणही जावं. दहा रुपये म्हणजे त्या घराला केवढे! आईने जाऊ दिलं नाही. दक्षिणेसाठी हात पसरायचा नाही, एवढंच. पुढे याच मुलाने जवळजवळ सगळं आयुष्य वर्गणीचं पुस्तक घेऊन लोकांच्या दारात उभं राहण्यात घालवलं. पण स्वतःसाठी एकदाही नाही. आईने घातलेली बंदी त्यांनी मोडली असं कुणाला वाटेल. मला वाटतं, त्यांनी ती तंतोतंत पाळली.

परीक्षेची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला जायचं, सुमारे ११० मैल, पावसात, पायी, घाट चढून. आणि तिथे पोचल्यावर परीक्षा घेणारे म्हणाले, तू फार लहान दिसतोस, बसता येणार नाही. परत घरी. शाळेत ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यात एक आई दिसते. शिदोरी बांधून देणारी, आणि काही दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या, पाय सुजलेल्या मुलाला काही न विचारता पाणी देणारी. हे मी कल्पनेने सांगतो आहे. कारण धड्यात ती बाई नाही.

मॅट्रिक व्हायला अण्णांना तेविसावं वर्ष लागलं. १८८४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि मुंबईत शिकवण्या करू लागले. पहिली पत्नी राधाबाई. लग्न झालं तेव्हा दोघंही मुलंच. मुंबईत बिऱ्हाड केलं आणि त्या बिऱ्हाडाला जणू दारच नव्हतं. गावाकडची, नात्यातली, मित्राच्या नात्यातली मुलं शिकायला येऊन राहत. त्यातला एक मुलगा रघुनाथ परांजपे. पुढे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. रँग्लर परांजप्यांना घडवणाऱ्यांत आपण अण्णांचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण त्या बिऱ्हाडात रोज एक पान वाढणार म्हणजे रोज एक मूठ तांदूळ जास्त धुवायचे, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होतं त्या राधाबाई १८९१ साली गेल्या. मागे नऊ वर्षांचा मुलगा, तोही रघुनाथच.

मिळकतीतला ठरावीक वाटा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं, ही सवय त्याच काळातली. मुरूडच्या शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनी गावासाठी मुरूड फंड काढला, त्यामागे अण्णाच. मी याला सवय म्हणालो, कारण दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा भावनेने भारलेला क्षण येतो. अण्णांचं तसं नव्हतं. गणिताच्या माणसाने हातचा धरावा तसं ते आधी देणं धरत आणि मग बेरीज मांडत. भावनेच्या भरात देणाऱ्या माणसाला घरचे थोपवू शकतात. हिशोबाने देणाऱ्याला काय सांगणार?

१८९१ च्या अखेरीस ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुनर्विवाह केला, विधवेशी. वधूचं नाव गोदूबाई. देवरुखच्या जोश्यांची मुलगी. आठव्या वर्षी विधवा झालेली. तिचा भाऊ नरहरपंत अण्णांचा मित्र. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली ही पहिली विधवा मुलगी. लग्नानंतर नाव आनंदीबाई झालं, पण जगाने त्यांना बाया म्हणूनच ओळखलं. बाया कर्वे.

या लग्नाची बातमी पुण्यात पसरली तेव्हा अभिनंदनही झालं आणि शिव्याही मिळाल्या. दोन्ही अण्णांना मिळालं. पण दंड कुणी भरला? मुरूडच्या घराने. गावाची सभा भरली. अण्णा जिथे असतील तिथे कुणी बसायचं नाही, आणि भावाच्या घरी ते उतरले तर त्या घरालाही वाळीत टाकायचं, असं ठरलं. आता बघा. पुण्यात सुधारक मित्र होते, कॉलेज होतं, सभा होत्या. मुरूडला आई होती आणि थोरला भाऊ होता. त्यांनी कुठलाही ठराव मांडलेला नव्हता, कुठली क्रांती केलेली नव्हती. पोटच्या मुलाला घरात घ्यायचं की गावात राहायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. सुधारणेच्या इतिहासात अण्णांच्या धैर्याला जागा आहे. त्या आईच्या कुचंबणेला ओळसुद्धा मिळत नाही.

१४ जून १८९६ रोजी अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुण्यात प्लेग आला. गावाबाहेर जागा हवी होती. गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. आज तिथे कर्वेनगर आहे. नळ स्टॉपपासून सिग्नल मोजत आपण तिथे पोचतो आणि म्हणतो, बाप रे, काय हा ट्रॅफिक. तेव्हा तिथे वाट होती आणि चिखल होता. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे. चार मैल. हातात आश्रमासाठी घेतलेलं सामान. सकाळी पुन्हा चालत पुण्याला. मधल्या वेळात वर्गणी. वाटेत लोक टोमणे मारायचे.

या चालण्याचं चित्र आपण फार वेळा बघितलं आहे. काठी, कोट, चिखल. आता कॅमेरा जरा मागे वळवा. अण्णा चालत चालत जिथून निघाले त्या पुण्याच्या घरात कोण आहे? बाया आहेत. पदरात लहान मुलं आहेत. पगारातून आश्रमाचा वाटा आधी गेलेला आहे. आणि नवरा रात्री घरी येणार नाही, कारण तिकडे हिंगण्याला विधवा मुली एकट्या आहेत.

आपल्याकडे म्हण आहे, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. भाजणाऱ्याला आपण हसतो किंवा नमस्कार करतो. पीठ कुणी मळलं हे म्हणीतसुद्धा येत नाही.

बायांनी पीठ तर मळलंच, पण आणखी एक गोष्ट केली. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. कारण सरळ होतं. या माणसाच्या पाठीशी एक पैसा शिल्लक राहणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. उद्या काही बरंवाईट झालं तर मुलांच्या तोंडात घास कोण घालणार? अण्णा विधवांना स्वतःच्या पायावर उभं करत होते, आणि त्यांच्याच घरात त्यांची बायको आपण पुन्हा विधवा झालो तर काय, याची तजवीज करत होती. या एका प्रसंगात मला त्या संसाराचा सगळा ताण दिसतो. आणि एक कडू विनोदही. अण्णांच्या शिकवणीचा अर्थ सगळ्यांत आधी त्यांच्या बायकोला कळला.

मग विम्याची गोष्ट. अण्णांनी आयुष्याचा विमा उतरवला होता. त्यांच्या माघारी बायकामुलांना आधार म्हणाल तर तेवढाच. ती पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात यावरून काय झालं असेल ते मी सांगायला नको, इथे बसलेल्या प्रत्येक बाईला ते ऐकू येतं आहे. बायांना हे पटलं नाही आणि त्यांनी ते गिळूनही टाकलं नाही.

आता मी इथे थांबून एक कबुली देतो. हे व्याख्यान तयार करताना या टप्प्याला मी अडकलो. मला वाटलं, आपण चुकीचा माणूस निवडला. कुटुंबवत्सल म्हणायचं कसं याला? ज्याने स्वतःच्या मुलांसाठीचा विमा देऊन टाकला त्याला? आयोजकांना फोन करून विषय बदलावा असंही मनात आलं. तो फोन मी केला नाही, त्याचं कारण एक पुस्तक.

पुस्तकाचं नाव ‘माझे पुराण’. बायांचं आत्मचरित्र. १९४४ साली निघालेलं. अण्णांच्या संसारात आपल्यावर काय काय गुजरलं ते बाया त्यात आपल्या ठसकेबाज बोलीत सांगतात. आता लक्ष द्या. ते पुस्तक निघालं तेव्हा अण्णा ८६ वर्षांचे, हयात, देशभर वंदनीय. आणि पुस्तकाचं काम केलं कुणी? कावेरीबाईंनी, म्हणजे धाकट्या मुलाच्या, भास्कररावांच्या पत्नीने. सासूची सासऱ्याविषयीची गाऱ्हाणी सून कागदावर आणते आणि ते पुस्तक छापून बाजारात येतं. सासरे त्याच आवारात वावरताहेत.

मी तुम्हाला विचारतो, आपल्या कुणाच्या घरात हे होईल? आजही होईल? मोठ्या माणसाच्या घरात मोठा माणूस जिवंत असताना त्याच्याविषयी खरं बोलायची सोय नसते. तो गेल्यावर स्मृतिग्रंथ निघतो आणि त्यात सगळे एकसुरात रडतात. अण्णांच्या घरात बायको भांडू शकत होती आणि ते भांडण लिहूनही ठेवू शकत होती. अण्णांनी स्वतः १९१५ साली ‘आत्मवृत्त’ लिहिलं, त्यातही त्यांनी स्वतःची बाजू धुऊनपुसून मांडलेली नाही. हा माणूस घरच्यांना पैसा देऊ शकला नाही. पण ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर म्हणायची मुभा त्याने दिली, आणि ती देणारे बाप आणि नवरे त्या काळात मूठभरही नव्हते.

याच घराची छाया घेऊन वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ लिहिलं. डॉ. श्रीराम लागूंचे नानासाहेब भानू तुमच्यापैकी ज्येष्ठांनी बघितले असतील. नाटकाच्या नावातच सारं आलं. पण मला आज त्या नावाशीही थोडं भांडायचं आहे. सावली म्हटलं की ती मागे मागे येणारी, आवाज नसलेली. बायांना आवाज होता. पुढे त्यांनीही आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, पार्वतीबाई आठवल्यांचं उदाहरण घ्या. त्याही विधवा. मेहुण्याच्या आश्रमात आल्या आणि आश्रमाचा कणा झाल्या. १९१८ मध्ये ही बाई इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे मिळवायला अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली. तिनेही आपली कहाणी लिहिली. एका माणसाच्या घरातल्या दोन बहिणी, दोघी विधवा, दोघींची आत्मचरित्रं. त्या काळातल्या किती घरांतून असं निघालं?

आता मुलांकडे वळू. प्रेमळ बापाची खूण म्हणून आपण म्हणतो, मुलं शब्दाबाहेर नव्हती. अण्णांची मुलं एकजात शब्दाबाहेरची होती.

थोरले रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे. राधाबाईंचा मुलगा. वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतो म्हणून १९२५ साली कॉलेजातली नोकरी गेली. मग १९२७ पासून मरेपर्यंत, २६ वर्षं, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यापायी खटले झाले. एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आता विचार करा, वडील मुलींच्या शिक्षणासाठी सनातन्यांपासून शेठजींपर्यंत सगळ्यांच्या दारात उभे राहताहेत, आणि मुलगा ज्या विषयावर मासिक काढतो तो शब्दही चारचौघांत उच्चारायची चोरी. वर्गणी मागणाऱ्या संस्थापकाला असा मुलगा किती गैरसोयीचा! पण त्या मुलाच्या हट्टाकडे बघा. पदरमोड करून, टोमणे सोसून, एकच काम मरेपर्यंत. आणि ती पदरमोड ज्यांनी सोसली त्या मालतीबाई, त्यांची पत्नी. बापाच्या वळणावर मुलगा गेला तो असा. वळणसुद्धा पूर्ण गेलं, घरच्या बाईसकट.

दुसरे शंकरराव डॉक्टर झाले आणि मोंबासाला स्थायिक झाले. तिसरे दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या पत्नी इरावतीबाई. ‘युगान्त’च्या इरावती कर्वे. आणि बघा हं, या इरावतीबाई लहानपणी पुण्याला वाढल्या त्या रँग्लर परांजप्यांच्या घरात. मुंबईच्या बिऱ्हाडात राधाबाईंनी ज्या मुलाचं पान मांडलं, त्याच्या घरात वाढलेली मुलगी चाळीस वर्षांनी सून होऊन कर्व्यांकडे आली. पंगतीत वाढलेलं कधी कुठून परत येईल, काही सांगता येत नाही.

या सुनेची एक गोष्ट अण्णांच्या विरुद्ध जाणारी आहे, म्हणून ती सांगितलीच पाहिजे. १९२८ साली इरावतीबाईंना डॉक्टरेटसाठी जर्मनीला जायचं होतं. अण्णांची संमती नव्हती. महिला विद्यापीठाचा संस्थापक, १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठ सुरू करणारा, स्वतःच्या सुनेच्या परदेशी शिक्षणाला नाही म्हणतो! दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या बर्लिनला गेल्या. आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ७१ व्या वर्षी, अण्णा स्वतः जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. घरात हरलेली बाजू मनाला लावून घेणारा माणूस हा नव्हे.

दिनकररावांनी पुढे इंग्रजीत एक पुस्तक केलं, महाराष्ट्रातल्या काही कुटुंबांविषयी. त्यात इरावतीबाईंचा अण्णांवर लेख आहे. या माणसाची सून झालो हे आपलं भाग्य, आणि बायको झालो नाही हे त्याहून मोठं भाग्य, असा त्या लेखाचा सूर आहे. मला वाटतं अण्णांवर इतकं खरं आणि इतकं मायेचं कुणी लिहिलं नसेल. ज्याच्यावर रागावता येतं, ज्याची थट्टा करता येते, ज्याच्याशी भांडून जर्मनीला जाता येतं आणि परत येऊन त्याच्याच घरात राहता येतं, तो माणूस घरातला असतो. देव्हाऱ्यातला नसतो.

म्हातारपणाचं एकच चित्र दाखवतो. संस्थांकडे तोवर मोठे पैसे आले होते. १९२० साली शेठ ठाकरसींनी महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. एवढं उभं करून माणूस थांबतो. अण्णा ७८ व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवीन मंडळ काढतात आणि पुन्हा वर्गणीचं पुस्तक काखोटीला मारून दारोदार फिरू लागतात. त्यांना पेन्शन होतं महिना ७० रुपये. त्यातले १५ या कामाला. चाळीसेक शाळा निघाल्या. आकडा लहान आहे म्हणून मला तो जास्त आवडतो. १५ लाखांवर शेठजींच्या आईचं नाव लागतं. या १५ रुपयांत मला वाण्याच्या यादीतून काय काय खोडलं गेलं ते दिसतं.

आणि या वेळी यादी खोडणाऱ्या बाया ओरडल्या असतील का? मला ठाऊक नाही, पण इतक्या वर्षांत त्याही मुरलेल्या देणाऱ्या झाल्या होत्या. मोंबासाला मुलाकडे गेल्या, आफ्रिका बघितली, आश्रमाचं काम केलं, पुराण सांगून मन मोकळं केलं आणि १९५० साली गेल्या. अण्णा त्यांच्यामागे बारा वर्षं राहिले. भारतरत्न मिळालं तेव्हा बाया नव्हत्या.

तर मी सुरुवातीला म्हणालो तो एक खिसा. आज मला त्यात दुरुस्ती करायची आहे. दान एका खिशातून निघत नाही, घरातून निघतं. एकाच्या हाताने जातं आणि पाच जणांच्या ताटातून कमी होतं. म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही, उलट वाढतंच. प्रश्न एवढाच, की देणाऱ्याने ते पाच जण बघितले का? त्यांचं ऐकून घेतलं का? अण्णांनी सगळ्या वेळी ऐकलं असं मी म्हणणार नाही. विम्याच्या वेळी नाही ऐकलं. पण त्यांना बोलू दिलं, लिहू दिलं, आपल्याविरुद्ध वागू दिलं. आणि मग घर नुसतं सोसत बसलं नाही, तेही देणारं झालं. मेहुणी, मुलगे, सुना, एकेक जण आपापल्या वाटेने, अण्णांना न पटणाऱ्या वाटेनेसुद्धा. कुटुंबवत्सल या शब्दाचा अर्थ मला या घराने असा शिकवला. त्या शब्दात लाड करणारा बाप मावतो तितकाच घरच्यांची तक्रार उभ्याने ऐकणारा बापही मावायला हवा.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या फोटोला मघाशी हार घातला. त्यांच्या पत्नी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रमाआधी त्यांनी मला विचारलं, "चहा झाला का तुमचा?" मी म्हटलं, झाला. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल चांगलं बोलता सगळे. बरं वाटतं." आणि थोडं थांबून, "तुम्हाला सांगते, सोपं नव्हतं हो." काकू, तुमची परवानगी न घेता हे इथे सांगतो आहे, त्याबद्दल क्षमा करा. पण आजच्या व्याख्यानाचा विषय मला खरा मिळाला तो त्या वाक्यात. बाकीचं मी पुस्तकांतून आणलं.

आता शेवटचं. आयोजकांनी मला मानधनाचं पाकीट दिलं आहे. अशा वेळी वक्त्याने पाकीट व्यासपीठावरूनच संस्थेला परत द्यायची पद्धत आहे. टाळ्या होतात, पावती फाटते, पेपरात नाव येतं. माझ्याही मनात तसं आलं होतं, खरं सांगतो. हात खिशापर्यंत गेलासुद्धा.

पण घरी विचारलेलं नाही. उद्या विचारून कळवतो.